सकाळचा पहिला फोटो

रंगाच्या बाबतीत त्या माणसाशी वाद घालायचा नाही, हे त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. दोन ताग्यांचा रंग एकच आहे की नाही हे ठरवायला समोरचा कापडवाला स्वतःच्या दुकानातली माणसं सोडून रस्ता ओलांडून याच्याकडे यायचा. घरं रंगवणारे डब्यांची झाकणं घेऊन यायचे. हा खिडकीपाशी जाऊन एकदा बघायचा, "थोडा हिरव्याकडे झुकलाय" म्हणायचा, आणि तो झुकलेलाच असायचा. गल्लीने त्याचं नाव पारखी ठेवलं होतं, आणि त्यालाही ते आवडायचं. कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ओ द्यायला त्याला जरा वेळच लागायचा. आणि याच पारख्याच्या समोर, दोन हातांवर, रोज सकाळी, नऊ आठवडे त्याची बायको पिवळी पडत गेली आणि त्याला ते दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ही गोष्ट त्या नऊ आठवड्यांची, आणि त्यानंतर जे त्याला सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं, त्याची.

पारख्याचा फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मागे फोटो काढायची खोली, आणि तिच्यामागे दोन खोल्यांचं घर. फोटोच्या खोलीत एक उंच स्टूल, त्यामागे करडा पडदा, छताला चार ट्यूब, आणि डाव्या हाताला दुधी काचेची मोठी खिडकी. खिडकी बुजवून टाक, नुसत्या दिव्यांवर काम कर, असं त्याला धंद्यातल्या चारचौघांनी सांगितलं होतं. पण खिडकीच्या उजेडात माणसाचा चेहरा माणसाचा दिसतो, असं त्याचं म्हणणं. ठीक आहे, पण मग रोज सकाळी त्या उजेडाशी कुस्ती आली.

कारण उजेडालाही रंग असतो. जुन्या बल्बखाली पांढरा शर्ट पिवळा असतो, ट्यूबखाली जरा हिरवट, ढगाळ दिवशी निळसर. आपल्याला तो पांढराच वाटतो, कारण आपले डोळे मुकाट्याने जुळवून घेतात. कॅमेरा तसा समजूतदार नाही. त्याला सांगावं लागतं, की बाबा रे, आजच्या उजेडात पांढरं म्हणजे हे. त्यासाठी त्यात एक आकडा असतो. आकडा खाली आणला की फोटो निळ्याकडे सरकतो, वर नेला की पिवळ्याकडे. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. हे काम आपोआप व्हायची सोयही कॅमेऱ्यात असते, पण पारख्याच्या लेखी ती सोय म्हणजे दुसऱ्याच्या जिभेने मीठ चाखणं.

बाकीचे फोटोवाले पांढरा कागद समोर धरून आकडा ठरवतात. पारख्यानेही एके काळी धरला होता, आणि त्या कागदाच्या भरवशावर एका लग्नाचे तीनशे फोटो बिघडवून बसला होता. हल्लीच्या कागदाला कारखान्यातच नीळ घातलेली असते, त्याचं पांढरं काही खरं नाही, असं तेव्हापासून त्याने मनाशी धरलं. लेकीने नोकरी लागल्यावर त्याच्यासाठी या कामाचं खास करडं कार्ड आणलं. त्याचं त्याने कौतुक केलं, चार गिऱ्हाइकांना दाखवलं आणि प्लास्टिकसकट खणात ठेवून दिलं. "मला कार्ड कशाला? माझं कार्ड जिवंत आहे," असं तो म्हणायचा.

ते जिवंत कार्ड म्हणजे त्याची बायको. स्टुडिओ उघडायच्या आधी ती स्टुलावर येऊन बसायची. तो एक फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर घ्यायचा, आणि तिच्या डोळ्याचा पांढरा भाग मोठा करून बघायचा. बुबुळाच्या बाजूचं ते पांढरं नीट पांढरं दिसेपर्यंत आकडा फिरवायचा. जमला की दिवसभर तोच आकडा सगळ्या गिऱ्हाइकांना. "माणसाच्या डोळ्याला कुणी नीळ घालत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सव्वीस वर्षं हा नेम चालला होता. आजारपण असो, भांडण असो, आदल्या दिवशी अबोला धरलेला असो, सकाळी ती स्टुलावर बसायची आणि हनुवटी वर करायची. "संसारात तुम्ही माझा उजवा डोळाच काय तो नीट बघितलाय," असं ती गिऱ्हाइकांसमोर म्हणायची, आणि मग त्यांचे केस विंचरायला घ्यायची. पोरांना हसवणं, म्हाताऱ्यांची कॉलर सरळ करणं, रुसलेल्या नवरीला पाणी देणं, हे सगळं तिचं काम होतं. कॅमेऱ्यामागे तो आणि बाकी सगळीकडे ती, अशी वाटणी होती.

आकडा वर्षानुवर्षं बावन्नशेच्या आसपास असायचा. ढग आले तर शंभर वर, ऊन चढलं तर शंभर खाली. मग एका मंगळवारी तो एक्कावन्नशेवर आला आणि तिथेच राहिला. पुढच्या आठवड्यात पाच हजार. शंभराचं काय कौतुक, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं. समोरच्या इमारतीला नवा रंग लागला होता, त्याची झाक येत असेल. तिसऱ्या आठवड्यात आकडा अठ्ठेचाळीसशेवर उतरला तेव्हा तो बायकोला म्हणाला, की ट्यूब म्हाताऱ्या झाल्या. ती म्हणाली, तुमच्या-माझ्यासारख्याच.

त्या दिवसांत तिचं जेवण कमी झालं होतं. अन्न बघितलं की नको वाटतं, म्हणायची. तळहातांना खाज सुटायची, ती साबण बदलून बघत होती. बाजारहाट तिने फोनवर टाकली होती, कारण चार पावलं चाललं की पाय गळायचे. हे सगळं पारख्याने ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकलं होतं आणि पित्त म्हणून सोडून दिलं होतं, तिनेही पित्तच म्हटलं होतं. घरात तिच्या आवडीचे जुने पिवळे बल्ब होते. गिऱ्हाइकांच्या आरशाभोवतीही तसलेच, त्यात तोंड उजळ दिसतं म्हणून. त्या आरशात ती रोज बघायची आणि तिला काही वेगळं दिसायचं नाही. आणि त्याचे डोळे तर सव्वीस वर्षं तिच्याशी जुळवून घेत आले होते, रोजच्या चिमूटभर फरकाशी त्यांनी मुकाट्याने जुळवून घेतलं. कॅमेरा जुळवून घेत नव्हता, तर कॅमेऱ्याला हा जुळवून घ्यायला लावत होता.

बोंब उठली ती दुसरीकडून. आधी कापडवाला आला. मलईच्या रंगाचा तागा फोटोत पांढराफटक आलाय, म्हणाला. पारख्याने त्याच्या फोनला नावं ठेवली. मग पासपोर्टच्या फोटोंबद्दल दोघं-तिघं कुरकुरले. मग शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आल्या. त्यांच्या शाळेतली दोनशे चाळीस मुलं दोन दिवसांत या स्टुलावर बसून गेली होती, ओळखपत्राच्या फोटोंसाठी. बाईंनी पाकीट काउंटरवर ओतलं आणि म्हणाल्या, पोरं विहिरीतून काढल्यासारखी दिसतायत, ओठ बघा, जांभळे. पारखी म्हणाला, तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा दोष आहे. बाई म्हणाल्या, अहो, मी कागदावरचे फोटो घेऊन आलेय. काउंटरमागे बायको तोंडाला रुमाल लावून हसली आणि मग खाली बसली, कारण तिला उभं राहवत नव्हतं.

काविळीच्या डोळ्यांना जग पिवळं दिसतं म्हणतात. इथे कावीळ एकीला, पिवळेपणा कुणालाच दिसत नाही, आणि गिऱ्हाइकं तेवढी निळी पडत होती. पण हे आपण आता बोलतोय. त्या वेळी पारख्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, की गल्लीतल्या पोरासोरांसमोर आपल्या पारखीची लाज निघाली. नाचता येईना अंगण वाकडं, असं कापडवाला त्याच्या माघारी म्हणाल्याचं त्याच्या कानावर आलं. ते त्याला फार लागलं.

मग त्याने चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला सुरुवात केली. चारही ट्यूब बदलल्या. पडदा धुतला. वायरमनला बोलावून विजेचा दाब तपासला. शेवटी भिंतींवर शंका आली, तेव्हा स्टुडिओ दोन दिवस बंद ठेवून त्याने स्वतः भिंती रंगवल्या. शिडी बायकोने धरली. खाली सांडलेले रंगाचे थेंब तिने ओल्या फडक्याने पुसले. आणि दर बदलानंतर तिला स्टुलावर बसावं लागायचं, दिवसातून चारदा, पाचदा. बसल्या बसल्या ती मनगटं खाजवायची.

"दमले हो. जरा पडू का?" ती एकदा म्हणाली.

"एकच. शेवटचा," तो म्हणाला.

ती बसली. त्याने तिच्या डोळ्याचं पांढरं मोठं केलं, ते पांढरं होईपर्यंत आकडा खाली नेला, आणि तो आदल्या दिवसापेक्षाही खाली गेला. नव्या ट्यूब जुन्यांपेक्षा पिवळ्या निघाल्या, असा निष्कर्ष काढून तो वायरमनशी भांडायला गेला. नवव्या आठवड्यात आकडा एकेचाळीसशेवर होता.

त्या आठवड्याच्या शेवटी लेक आली. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती, चार महिन्यांनी येत होती. तिला आणायला दोघं स्टँडवर गेले. बायको हट्टाने आली, वाटेत दोनदा थांबली. सकाळचे अकरा वाजले होते, उघडं आभाळ, स्वच्छ ऊन. लेक बसमधून उतरली, हसत आईकडे आली, आणि हसू तोंडावर तसंच राहिलं. बॅग खाली ठेवून तिने आईची हनुवटी वर केली.

"आई, तुझे डोळे पिवळे झालेत," ती म्हणाली. "अगं, तू सगळीच पिवळी झाली आहेस."

पारखी सवयीने म्हणाला, "ट्यूबच्या उजेडामुळे तसं वाटतं."

"बाबा, आपण रस्त्यावर उभे आहोत."

तेव्हा त्याने बघितलं. पहिल्यांदा आकड्याशिवाय बघितलं. कान, मान, हाताची नखं, डोळे. हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी त्याची बायको उन्हात उभी होती आणि दोघांकडे आळीपाळीने बघत होती. घरी न जाता ते तिथूनच रिक्षाने दवाखान्यात गेले.

तिथून पुढचे तीन दिवस तपासण्यांत गेले. डॉक्टर तरुण होत्या, हळू बोलायच्या. त्यांनी सगळ्यांत आधी विचारलं, डोळे पिवळे कधीपासून आहेत? बायकोने नवऱ्याकडे बघितलं. लेकीने बापाकडे बघितलं. रोज सकाळी तिचा डोळा मोठा करून बघणारा माणूस जगात दुसरा कोण होता? त्याच्या तोंडून निघालं, "असतील पंधरा दिवस." का पंधरा, हे त्याने स्वतःला नंतर शंभरदा विचारलं. दहा फार थोडे वाटले असते आणि महिना फार जास्त, म्हणून असेल.

आजार स्वादुपिंडाचा होता. गाठीने पित्ताची वाट अडवली होती आणि मोठ्या शिरेला मिठी मारली होती, आता तिला कापून काढता येत नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी कळलं असतं तर ऑपरेशनचा विचार करता आला असता, असं डॉक्टर म्हणाल्या. पण कावीळ पंधरा दिवसांचीच, म्हणजे तेव्हा दिसण्यासारखं काही नव्हतं, तुमचा दोष नाही, असंही म्हणाल्या. नळी घालून वाट मोकळी करू, खाज कमी होईल, रंग थोडा उतरेल. लेकीने विचारलं, किती दिवस? डॉक्टरांनी दिवस सांगितले नाहीत, महिने म्हणाल्या, आणि दोनच बोटं उचलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पारखी कपडे न्यायला घरी आला. कपडे पिशवीत भरले आणि घरातून निघताना फोटोच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी थांबला. सकाळचे पहिले फोटो तो कधी पुसत नसे. आणि हे फोटो असे असतात, की प्रत्येकाच्या पोटात काढल्या वेळचा आकडा लिहिलेला राहतो, आणि तो बदलून बघता येतो. त्याने गेल्या तीन महिन्यांचे सगळे उघडले. ओळीने एकच बाई, एकच स्टूल, सगळीकडे डोळे पांढरेशुभ्र. बाई तशीच, मागचा करडा पडदा मात्र ओळीगणिक निळा होत गेलेला. इतकं ढळढळीत होतं ते. त्याने सगळे एकदम निवडले आणि सगळ्यांना एकच आकडा दिला, बावन्नशे. पडदे सगळे करडे झाले, आणि बायको पिवळी झाली. एकदम नाही. वरच्या ओळीत नव्हती, दुसऱ्या ओळीत जराशी, आणि शेवटच्या ओळीत स्टँडवर बघितली होती तशी. सुरुवात कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येत होतं. नऊ आठवड्यांपूर्वीचा मंगळवार.

डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे तारखेनिशी, वेळेनिशी होतं. सगळ्या जगात ते फक्त त्याच्याकडे होतं.

दवाखान्यात जाऊन सांगून टाकायचं, असं ठरवूनच तो निघाला. वॉर्डाबाहेर बाकावर लेक बसली होती, रडून डोळे सुजलेले. तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, चार महिने मी आले नाही, सुट्टी मिळत नाही म्हणत राहिले. व्हिडिओवर रोज बोलायचे आणि मला दिसलं नाही. मी एकदा, नुसती एकदा आले असते तर पहिल्या दिवशी दिसलं असतं. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. रोज बघणाऱ्याला कळत नाही." पारख्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कपड्यांची पिशवी तिच्याकडे दिली. भित्रा नव्हता तो एरवी. पण त्या बाकावर सांगायचं ते राहिलं.

नळी घातल्यावर बायको घरी आली. खाज गेली, रंग थोडा निवळला, पण अंगात काही उरलं नव्हतं. लेकीने बिनपगारी रजा घेतली. भरवणं, पुसणं, औषधं, सगळं तीच करायची, आणि सगळं असं करायची की जणू काही फेडतेय. एकदा लेक औषधं आणायला गेली असताना बायको म्हणाली, मला स्टुलावर बसवा. तो नको म्हणाला. ती म्हणाली, नेम मोडून किती दिवस झाले. त्याने तिला धरून नेलं, पाठीशी उशी दिली. कॅमेरा हातात घेतला आणि आकडा बावन्नशेवर ठेवून फोटो काढला. कॉम्प्युटरवर आला तो तिला दाखवला.

तिने बराच वेळ बघितलं. "ही अशी दिसते मी?"

"आता बरीच बरी आहेस. आधी याहून जास्त होतं." आणि मग त्याने सांगितलं. आकडे, मंगळवार, निळा पडदा, ट्यूब, शिडी, सगळं. त्याला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर, तिच्या स्वभावाप्रमाणे, काहीतरी बोलून हसवेल.

"म्हणजे रोज सकाळी तुम्ही मला बरं करून ठेवत होता," ती म्हणाली.

त्याने कॅमेरा खाली ठेवला. मग तीच म्हणाली, की मला राग आलाय, खूप आलाय, पण तो धरायला आता ताकद नाही. आणि मग म्हणाली, "पोरीला सांगा. ती उगाच स्वतःला खातेय. हे तिचं ओझं नाही, तुमचं आहे."

त्याने हो म्हटलं. आज सांगतो, उद्या सांगतो, करत आठवडा गेला. पोर एवढी थकलेली दिसते, आता नको. आज तिने दोन घास खाल्लेत, आज नको. माणसाला कारणांची कधी वाण पडत नाही. बायकोने एकदा नुसत्या नजरेने विचारलं, त्याने मान फिरवली. दुसऱ्यांदा तिने आवाज गोळा करून विचारलं, "सांगितलंत?" तेव्हा लेक शेजारच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. तो म्हणाला, "हो, सांगितलं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि तिने त्याच्या हातावर थोपटलं. त्यानंतर ती बारा दिवस होती.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी लेक कॉम्प्युटरपुढे बसली. भिंतीवर लावायला आईचा फोटो हवा होता. सकाळच्या फोटोंमधूनच निवडू म्हणाली, त्यात ती सगळ्यात तिच्यासारखी आहे. आणि तिने नेमका नवव्या आठवड्यातला निवडला, एकेचाळीसशेचा. फोटो छानच होता. ओठांच्या कोपऱ्यात हसू, चेहरा उजळ, डोळे पांढरे. "बघा ना, स्टँडवर आले त्याच्या चार दिवस आधीचा. किती बरी दिसतेय," लेक म्हणाली. मग मागे न वळताच तिने विचारलं, "बाबा, आई शेवटी शेवटी मला म्हणाली, बाबांनी तुला सांगितलं ना? मी हो म्हटलं. मला वाटलं औषधांचं काही असेल. काय सांगायचं होतं?"

दोघांनी मिळून एका मरणाऱ्या बाईला फसवलं होतं, एकाने जाणूनबुजून आणि एकीने नकळत. पारख्याने खुर्ची ओढली आणि लेकीच्या शेजारी बसला. तोंडाने सांगणं जमलं नसतं, म्हणून त्याने माउस हातात घेतला. सगळे फोटो निवडले. आकड्याच्या जागी बावन्नशे लिहिलं.

लेक एकेक ओळ बघत खाली आली. मग पुन्हा वर गेली. तिला या धंद्यातलं सगळं कळत होतं, याच खोलीत ती मोठी झाली होती. तिने एका फोटोवर बोट ठेवलं.

"इथून?"

"हो. मंगळवार."

"आणि डॉक्टरांना पंधरा दिवस सांगितलेत."

"हो. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. आजाराचं निदान झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं."

"दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली. "आणि मी दोन महिने रोज म्हणत होते की मी यायला हवं होतं. तुमच्यासमोर म्हणत होते."

त्याने मान हलवली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं, असं त्याला वाटत होतं. तिने फक्त निवडलेला फोटो बंद केला. मंगळवारच्या आधीचा, सोमवारचा फोटो उघडला. त्यात आई जरा कंटाळलेली होती, केस नीट बसले नव्हते, पण पडदाही करडा होता आणि डोळेही पांढरे. हा खरा आहे ना, तिने विचारलं. हा खरा आहे, तो म्हणाला. तोच भिंतीवर लागला. दोन दिवसांनी लेक तिच्या गावी गेली. स्टँडवर यायची गरज नाही, म्हणाली. आता दर रविवारी तिचा फोन येतो. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, एवढं विचारते आणि ठेवते.

स्टुडिओ उघडावा तर लागणारच होता. पहिल्या सकाळी पारखी कॅमेरा घेऊन उभा राहिला आणि समोर रिकामं स्टूल होतं. त्याने खण उघडला, लेकीने दिलेलं करडं कार्ड काढलं, त्याचं प्लास्टिक फाडलं आणि कार्ड स्टुलावर उभं केलं. फोटो काढला, आकडा धरला. बावन्नशे. या सगळ्याला मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापिका बाईंनी सगळी दोनशे चाळीस मुलं पुन्हा पाठवली. त्यांना घरचं काही ठाऊक नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. फोटो न्यायला त्या स्वतः आल्या. पाकिटातून चार-पाच काढून त्यांनी दारातल्या उजेडात धरले आणि खूश झाल्या. गाल गुलाबी, ओठ ओठांसारखे, शर्ट पांढरे. "बघा, आता कसा बरोबर रंग आलाय," त्या म्हणाल्या. "उगाच माझ्या कॉम्प्युटरला नावं ठेवत होतात त्या वेळी. काय केलंत आता?"

पारख्याने खणाकडे बोट दाखवलं आणि त्यातलं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. बाईंनी ते उलटसुलट करून बघितलं. हातभर लांबीचा साधा करडा पुठ्ठा.

"एवढंच करायचं होतं?"

"हो, बाई," तो म्हणाला. "एवढंच करायचं होतं."